बावीस इंची काळी सायकल: अकरा महिने, सिडको ते सातपूर

सायकल अगदी साधी आहे. काळी, बावीस इंची फ्रेमची, आडव्या दांडीची, सळईचे ब्रेक, गिअर नाही. जुन्या नाशकातल्या एका दुकानातून ६,८०० रुपयांना घेतली, कॅरिअर, डबल स्टँड आणि चेनकव्हर धरून. वजन वीसेक किलो. त्रिमूर्ती चौकातून उंटवाडी, मायको सर्कल आणि मग त्र्यंबक रोडने सातपूर, असे घर ते कारखाना एका बाजूचे साडेसहा किलोमीटर. पूर्वी मला कारने चाळीस मिनिटं लागायची, कारण निम्मा वेळ सिग्नलला जायचा. सायकलवर पस्तीस लागतात. वय वर्षं छप्पन्न.

मी एकतीस वर्षं ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, म्हणून आधी ब्रेकचंच सांगतो. कोरड्या रस्त्यावर सळईचे ब्रेक उत्तम. केबल तुटायची भीती नाही, पाना घेऊन घरीच आवळता येतात. पावसात मात्र सांभाळा. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर घसरतं, दोन-तीन फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि मग पकड येते. जून ते सप्टेंबर मी उतारावर आधीपासूनच हलका ब्रेक धरून ठेवतो. ज्यांना भरवसा वाटत नाही त्यांनी अलॉय रिमची घ्यावी.

याच ब्रेकमुळे एक गोष्ट डोक्यात घुसली ती गेली नाही. गाडीचा ब्रेक पॅड झिजला की नवा बसवायचा, एवढंच आम्ही जन्मभर पाहिलं. झिजलेला माल कुठे जातो? मायको सर्कलला कारच्या मागे तोंड उघडं टाकून उभा राहिलो तेव्हा कळलं. लोखंड, तांबं, अँटिमनी यांची ती भुकटी हवेत जाते, रस्त्यावर बसते. टायरचंही तेच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की पावसानंतर ओढ्यांत कोहो सालमन मासे तडफडून मरतात ते टायरमधल्या एका रसायनाने. रबर लवकर तडकू नये म्हणून ते घालतात, हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की जहर तयार होतं. आपल्याकडे सालमन नाही, पण उंटवाडीच्या पुलावरचं पाणी नासर्डीत उतरतं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीत आपण अंघोळ करतो, तीर्थ म्हणून ओंजळ भरतो. शेजारचे म्हणतात, मग इलेक्ट्रिक घ्या. तिला धूर नाही हे खरं, ब्रेकही कमी झिजतात, पण बॅटरीचं ओझं आहे आणि टायर झिजायचे ते झिजतातच. २०१९ मध्ये केंद्राने स्वच्छ हवा कार्यक्रम काढला, हवेचं मानक न पाळणाऱ्या शहरांच्या त्या यादीत नाशिक आहे. थंड हवेचं गाव म्हणून लोक इथे राहायला यायचे.

पेट्रोलचा हिशोब मी वहीत मांडला. कार शहरात लिटरला बारा देत होती. महिन्याला सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे सत्तावीस लिटर, जवळपास २,८०० रुपये. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण जळल्यावर सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो, कारण त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. माझ्या एकट्याच्या जाण्या-येण्याचा महिन्याला बासष्ट किलो. माझ्या स्वतःच्या वजनापेक्षा थोडं कमी.

आता दोष. सीट कडक आहे, पहिले पंधरा दिवस त्रास झाला, मग अंगवळणी पडलं. दीड महिन्यात मागची रिम आऊट म्हणजे वाकडी झाली, दुकानदाराने काहीही न घेता सरळ करून दिली. २८ इंची मोठी चाकं असल्यामुळे खड्ड्यांचा हिसका कमी बसतो, हा मोठा गुण. पंक्चर तीन.

घंटी मात्र निरुपयोगी. आवाज चांगला आहे, पायी चालणारे ऐकतात, रिक्षावाले ऐकतात. काच वर, एसी चालू, आत गाणी, अशा कारमध्ये ती पोचतच नाही. फेब्रुवारीत रस्त्याच्या कडेला उभ्या कारचं दार धाडकन उघडलं आणि मी पडलो. गुडघ्याला चार टाके. दार उघडणारा पोरगा घाबरून गेला होता, त्यानेच दवाखान्यात नेलं. त्याच्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की ती कार जिथे उभी होती तिथे सायकलने जायचं असतं, आणि फूटपाथवरही गाडीच उभी असल्यामुळे माझ्या बाजूने एक आजी दळणाचा डबा घेऊन रस्त्यावरूनच चालल्या होत्या. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, तासाला एकोणीस. त्यात पाचातला एक पायी चालणारा होता. त्या आजींच्या घरी गाडी नसेलही, पण गाडीची किंमत त्याही मोजतात.

रोज उंटवाडीच्या म्हसोबाजवळच्या वडाखालून जातो. उड्डाणपुलाच्या आराखड्यात तो जाणार होता, नाशिककर उभे राहिले म्हणून २०२२ मध्ये वाचला. कारमध्ये असताना त्याची सावली मला कधी जाणवली नव्हती. एप्रिलमध्ये आता त्याच्या खाली मुद्दाम वेग कमी करतो.

गाड्यांवर माझं घर उभं राहिलं, मुलीचं शिक्षण झालं, ते मी विसरत नाही. सातपूरच्या किती घरांचं तेच आहे. पण मी नोकरीला लागलो तेव्हा शिफ्ट सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा निघायचा, पत्र्याच्या शेडमध्ये हँडलला हँडल लावून त्या उभ्या असायच्या. आता त्या शेडखाली साहेब लोकांच्या कार असतात. मी माझी सायकल कोपऱ्यातल्या खांबाला साखळीने बांधायचो. वॉचमनने स्वतःहून दोन विटांएवढी रुंद जागा चुन्याने आखून दिली. दिवाळीपर्यंत तिथे तीन सायकली झाल्या. गेल्या सोमवारी चौथी लागली, डिप्लोमाच्या अप्रेंटिस पोराची, अशीच काळी. त्याने विचारलं, "काका, सीट किती वर घेऊ?"

बसून टाच खाली गेलेल्या पॅडलवर ठेव, पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी, म्हणालो. आणि जेवणाच्या सुट्टीत पाना घेऊन ती बसवून दिली.