ब्रेकचं काम ‘नव्यासारखं’ करून देणाऱ्यांपासून सावध

गळीत हंगाम तोंडावर आला की बीड, जालना, लातूर पट्ट्यातल्या गॅरेजांसमोर जुन्या ट्रकांची रांग लागते. कारखान्याची उचल घेतलेली, गाडी भरायची घाई. नेमका तेव्हाच ‘निम्म्या पैशात ब्रेक नव्यासारखे’ म्हणणारा भेटतो. माजलगावकडच्या एका सहा चाकी ट्रकच्या मागच्या ॲक्सलचं काम असंच झालं. उसाची भरलेली गाडी धारूरच्या घाटात उतरताना मागून धूर निघाला आणि पेडल तळाला जाऊनही वेग तुटेना. पहिल्या गियरवर गाडी कशीबशी सपाटीला आली. चाकं उघडल्यावर सगळा कारभार दिसला.

बिलात ‘ड्रम नवीन, 2 नग’ लिहिलं होतं. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी वाटी जिला आतून ब्रेक दाबतो, जुनेच, लेथवर घासून काळा रंग मारलेले. या गटातल्या बऱ्याच ट्रकांचा ड्रम नवा असताना आतून 410 मिमी असतो. इथं एक 415 भरला, दुसरा 417. झिजलेल्या ड्रमच्या कडेला उभा काठ राहतो, बोट फिरवलं की लागतो. लेथवर तो काठच उडवतात, मग हाताला ड्रम गुळगुळीत लागतो आणि मालक फसतो. म्हणून बोटावर विसंबू नका, इनसाइड मायक्रोमीटरनं मोजून घ्या: कडेजवळ आणि आत, दोन्हीकडं काटकोनात दोनदा. जास्तीत जास्त व्यास ड्रमवर कोरलेला असतो किंवा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. त्यापुढं गेलेला ड्रम भंगारातच जायला हवा.

पाच-सात मिलिमीटरनं काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. ड्रम मोठा झाला की लायनरची, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या पट्ट्याची, गोलाई त्याला जुळत नाही. पट्टा फक्त मधोमध टेकतो आणि तेवढीच जागा जळते. लोखंड पातळ झाल्यानं ड्रम उष्णता कमी पेलतो, तापून आणखी फाकतो. पट्टा ज्यावर बसतो त्या शूला जास्त सरकावं लागतं, म्हणून शू ढकलणारा कॅम जास्त फिरतो आणि कॅम फिरवणाऱ्या, हवेच्या दाबावरच्या ब्रेक चेंबरचा दांडा त्याच्या हद्दीला जाऊन अडतो. 30 नंबरच्या साध्या चेंबरचा पूर्ण स्ट्रोक, म्हणजे दांड्याची धाव, साधारण 64 मिमी. हवा 6 ते 7 बार ठेवून पेडल पूर्ण दाबल्यावर दांडा 51 मिमीच्या पुढं गेला तर काम अपुरं समजा. थंड गाडी गॅरेजच्या अंगणात थांबते, घाटात थांबत नाही, ती यामुळंच.

ड्रम टांगून हातोडीनं हलका ठोका द्या. अखंड ड्रम घंटेसारखा वाजतो, तडकलेला बद्द बोलतो. तडा वेल्डिंगनं बुजवलेला ड्रम कुणी कितीही हमी दिली तरी घेऊ नका.

लायनरमध्ये दुसरी चोरी. एका शूवर दोन पट्टे, म्हणजे मागच्या ॲक्सलला आठ. खोकं नावाजलेलं, आतला माल ठिसूळ. वर रिव्हेट एक भोक सोडून एक मारलेले, तेही लोखंडी, आणि डोकी पट्ट्याच्या जवळजवळ पातळीत. पट्टा जरा झिजला की तीच डोकी ड्रमला चरे पाडतात. शूवरचा गंज न खरवडता पट्टा बसवला होता, त्यामुळं खाली फट राहिली. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडं मारत जायचे असतात आणि नंतर फटीत 0.25 मिमीची फीलर पट्टी जाता कामा नये. ड्रम मर्यादेत घासला असेल तर ओव्हरसाइज, म्हणजे जाड, लायनर मागा.

सगळ्यात वाईट हात कॅमवर मारला होता. झिजलेल्या एस-कॅमच्या (S आकाराच्या कॅमच्या) डोक्यावर साध्या रॉडनं वेल्डिंगची भर घालून हातग्राइंडरनं आकार दिलेला. कॅमचं डोकं कारखान्यात पृष्ठभागावर कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या तापानं तो कडकपणा जातो आणि शूच्या टोकाचा रोलर तिथं खड्डा पाडतो. दोन्ही बाजू सारख्या उतरत नाहीत, मग एक शू आधी टेकतो. ओळखायला सोपं आहे: चांगल्या कॅमवर नवी कानस घसरते, भर घातलेल्यावर चावते. चेंबरचा दांडा कॅमला जोडणाऱ्या स्लॅक ॲडजस्टरच्या दात्यांतला खेळही वेल्डिंगचे ठिपके देऊन दाबला होता. तिथं कॅम आणि ॲडजस्टर दोन्ही बदलण्यावाचून इलाज नाही. एवढं कौशल्य वापरून फसवण्यापेक्षा कॅम बदलला असता तर कष्ट कमी पडले असते.

हे सगळं स्वतः उघडून बघायचं तर आधी चाकांना उटी, म्हणजे अडवणीचे ठोकळे, लावा. पार्किंग ब्रेकचा स्प्रिंगवाला चेंबर मात्र कधीच उघडू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो. लायनरची धूळ हवेनं उडवू नका, जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

काम देताना जुने भाग परत द्यायची अट आधी घाला, रंग मारण्याआधी मोजायला जा आणि पार्ट नंबरसह पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर पुढं काही सिद्ध करणं अवघड जातं. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी गाडी चालवणाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. काढलेले ड्रम आणि कॅम तोवर भंगारवाल्याला देऊ नका, पुरावा तोच आहे.