जुन्या लॅपटॉपवर हलके विंडो मॅनेजर : सहा महिन्यांच्या वापरानंतर आणि मोजणीनंतर

माझ्या २ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. गेल्या सहा महिन्यांत मी त्यावर ओपनबॉक्स, डीडब्ल्यूएम आणि आयथ्री हे विंडो मॅनेजर (पडद्यावरच्या खिडक्या मांडणारे प्रोग्रॅम) प्रत्येकी दोन महिने रोजच्या कामासाठी वापरले आणि त्यांचा मेमरीवापर सातत्याने टिपून ठेवला.

सुरुवातीला मी चालू प्रोग्रॅमांची यादी देणाऱ्या पीएस कमांडमधला आरएसएसचा (एखाद्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, रॅममध्ये असलेली मेमरी) आकडा पाहत असे आणि त्यावरूनच डीडब्ल्यूएमपुढे आयथ्री फार जड आहे, असे माझे मत झाले होते. पुढे ते बदलावे लागले, कारण आरएसएसमध्ये सामायिक लायब्ररींची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) पाने, म्हणजे मेमरीचे तुकडे, प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पूर्णच्या पूर्ण मांडली जातात. एखाद्या लायब्ररीची ६ एमबी पाने तीन प्रोग्रॅम मिळून वापरत असतील, तर रॅममध्ये जागा ६ एमबीच अडते, पण तिघांच्या आरएसएसची बेरीज १८ एमबी येते. पीएसएस हा आकडा तीच ६ एमबी तिघांत वाटून प्रत्येकाच्या खात्यावर २ एमबी टाकतो. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ४.१४ आवृत्तीपासून प्रॉक या फोल्डरमधल्या स्मॅप्स-रोलअप या फाइलमध्ये तो आयता मिळतो. फक्त एक्सॉर्गसारख्या (पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम) रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, प्रोसेससाठी सुडो ही प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड लावावी लागते.

आयथ्री सुरू करून मी ही फाइल वाचली, मग थुनार (फाइल मॅनेजर) उघडले आणि लगेच ती पुन्हा वाचली. आयथ्रीने मधल्या काळात काहीच सोडलेले नव्हते, तरी त्याचा पीएसएस खाली आला, कारण पँगो (अक्षरे जुळवणारी), कैरो (चित्र काढणारी) आणि जीलिब या सामायिक लायब्ररींच्या भारात आता थुनारही वाटेकरी झाले होते. म्हणूनच रिकाम्या डेस्कटॉपवर घेतलेल्या मोजणीवर माझा आता विश्वास राहिलेला नाही. आपण रोज जे प्रोग्रॅम उघडतो ते उघडे ठेवूनच मोजले पाहिजे.

पँगोचा मुद्दा मराठी वापरकर्त्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. मूळ डीडब्ल्यूएम आपल्या पट्टीवरची (पडद्याच्या कडेला खिडकीचे नाव दाखवणारी पट्टी) अक्षरे थेट एक्सएफटी या लायब्ररीकडून काढून घेते आणि एक्सएफटी देवनागरीची जोडाक्षरे जुळवत नाही. ‘किल्ला’ नावाची फाइल उघडली की पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि पहिला ल पाय मोडलेला दिसतो. आयथ्री आणि ओपनबॉक्स पँगो वापरतात, त्यामुळे तिथे तोच शब्द नीट वाचता येतो. डीडब्ल्यूएमच्या कमी आकड्यात या उणिवेचाही वाटा आहे आणि ज्याच्या फाइलींची नावे मराठीत आहेत, त्याने तो हिशेबात धरायलाच हवा.

तुलना करताना सोबतच्या प्रोसेसही मोजाव्यात. डीडब्ल्यूएमची पट्टी त्याच्यातच असते. आयथ्रीसाठी आयथ्रीबार (पट्टी) आणि आयथ्रीस्टेटस (तिच्यावरची माहिती) वेगळे चालतात आणि ओपनबॉक्सवर मी टिंट२ ही पट्टी लावली होती. वॉलपेपरचे चित्र तर एक्सॉर्गच्या खात्यावर पडते : १३६६ × ७६८ च्या पडद्याला प्रत्येक बिंदूमागे ४ बाइट धरले, तर सुमारे ४ एमबी होतात. मी साधा रंग ठेवला. मराठी टंकलेखनासाठी आयबस हा प्रोग्रॅम काढून सेटएक्सकेबीमॅप या कमांडने इनस्क्रिप्ट हा कळफलक लावला, त्यामुळे सतत चालू राहणाऱ्या काही प्रोसेसही वाचल्या.

एकूण हिशेबासाठी मेमरीचा एकूण वापर दाखवणाऱ्या फ्री कमांडमधला ‘अव्हेलेबल’चा (नव्या प्रोग्रॅमांना मिळू शकणारी मेमरी) रकाना पाहावा. ‘युज्ड’ काढण्याची पद्धत नव्या आवृत्त्यांत बदललेली असल्याने लिनक्सच्या दोन वेगळ्या डिस्ट्रोंवरचे (डेबियनसारख्या प्रणालींवरचे) ते आकडे शेजारी ठेवून काहीच ठरवता येत नाही.

सध्या मी आयथ्रीवर स्थिरावलो आहे. दर रविवारी, लॅपटॉप बंद करण्यापूर्वी, त्याचा, त्याच्या पट्टीचा आणि एक्सॉर्गचा पीएसएस मी अजूनही वहीत लिहितो. ब्राउझरच्या दोन टॅब बंद केल्यावर जी जागा मोकळी होते, तिच्यापुढे तिन्ही विंडो मॅनेजरमधला फरक मला एकाही आठवड्यात मोठा आढळलेला नाही.