हिरवी टिक आली, पण बिलं पोचली का? आठ महिन्यांच्या वापरानंतर

रबाळे एमआयडीसीत आमचा नट-बोल्टचा होलसेल धंदा आहे आणि हिशेब मी बघते. बिलं गोडाऊनमधल्या बिलिंग सॉफ्टवेअरवर बनतात, खाती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. पूर्वी रोजची चाळीसेक बिलं मी हाताने टॅलीत चढवायचे. आठ महिन्यांपासून हे काम दोन्हींना जोडणारा एक कनेक्टर करतोय. रोजचे दोन तास वाचले, ते आधीच सांगते.

पहिले दोन महिने, बिल पाठवलं की कनेक्टरच्या स्क्रीनवर येणाऱ्या हिरव्या टिकवर डोळे झाकून विश्वास ठेवला. तिसऱ्या महिन्यात 10 तारखेला, म्हणजे जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, ताळा घेतला तर बिलिंगमध्ये 912 बिलं आणि टॅलीत 909. सपोर्टवरचा मुलगा म्हणाला, "ताई, हिरवं आलंय ना, मग गेलंय." गेलं होतं खरं, पण पोचलं नव्हतं.

तिन्ही बिलं एकाच पार्टीची निघाली. बिलिंगमध्ये तिच्या नावात 'अँड'चं चिन्ह होतं, टॅलीच्या लेजरमध्ये, म्हणजे पार्टीच्या खात्यात, 'अँड' अक्षरांत. नाव तंतोतंत जुळलं नाही, लेजर सापडलं नाही, व्हाउचर, म्हणजे बिलाची टॅलीतली नोंद, बनलं नाही. टॅली हे उत्तरात कळवतं: किती व्हाउचर तयार झाली, किती बदलली, किती एरर. कनेक्टर मात्र उत्तर आलं एवढ्यावरच टिक मारत होता, आत काय लिहिलंय ते वाचतच नव्हता. याचा मला आजही राग येतो.

त्या घाईत मी, ही तीन बिलं ज्या तीन दिवसांची होती, त्या दिवसांची सगळीच बिलं पुन्हा पाठवली आणि शंभरावर बिलं दुबार पडली. एकेक करून डिलीट करताना रात्रीचे नऊ वाजले. आता सेल्स व्हाउचर टाइपमध्ये नंबरिंग मॅन्युअल ठेवून डुप्लिकेट नंबर रोखणारा पर्याय चालू केलाय. हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दहा मिनिटं यासाठी ठेवते. बिलिंगमधून त्या दिवसाची बिलांची संख्या, पहिला-शेवटचा नंबर आणि करासकट बेरीज घेते, टॅलीच्या डे बुकशी, म्हणजे त्या दिवसाच्या नोंदींच्या यादीशी, लावते. शिवाय दोन बिलं उघडून बघते, त्यातलं एक परराज्यातलं. वापीच्या एका गिऱ्हाईकाचं बिल असंच उघडलं होतं. संख्या बरोबर, रक्कम बरोबर, पण परराज्यातल्या विक्रीच्या 18 टक्के आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा 9-9 टक्के सीजीएसटी-एसजीएसटी पडलेला. टॅलीच्या पार्टी मास्टरमध्ये, म्हणजे गिऱ्हाईकाच्या माहितीत, राज्य महाराष्ट्र राहिलं होतं. जीएसटी नंबर तर 24 ने, म्हणजे गुजरातच्या कोडने सुरू होत होता. नुसती बेरीज जुळवणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

बाकी तक्रार फारशी नाही. टॅलीत कंपनी उघडी नसेल तर बिलं रांगेत थांबतात, उघडली की आपोआप जातात. पावसाळ्यात लाइट गेली तेव्हाही एकही हरवलं नाही. सपोर्टचा फोन लगेच उचलतात.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे आणि मी ते करणार आहे. मेलमध्ये एकच मागणी लिहिली आहे: टिकच्या शेजारी टॅलीने दिलेले तीन आकडे दाखवा, आणि एरर शून्य असेल तेव्हाच ती हिरवी करा.