गंगापूर रोडवरील रामन मापनसेवा: आमच्या नमुन्यांचा अनुभव

कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाच्या नॅनोकणांत इलेक्ट्रॉन आणि स्फटिकजालाची कंपने, म्हणजेच फोनॉन, यांचे नाते किती घट्ट असते हे पाहण्यासाठी आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका प्रयोगशाळेतून रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेसरप्रकाशाच्या वारंवारतेत कंपनांमुळे पडणाऱ्या फरकाची नोंद, काढून घेतला. आरंभीच त्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे ५२०.५ प्रति सेंटिमीटरची रेषा जुळवून यंत्राची अचूकता आमच्यासमोर तपासली, याचे मला विशेष मोल वाटते.

पहिले मापन मात्र फसले. लेसरची तीव्रता अधिक ठेवल्याने नमुना तापला आणि २०८ प्रति सेंटिमीटरच्या आसपास अपेक्षित असलेली मुख्य कंपनरेषा खाली सरकून रुंदावली. उष्णतेने जालातील बंध शिथिल होतात, त्याचाच हा परिणाम होता. आक्षेप नोंदवताच तंत्रज्ञांनी तीव्रता कमी करून, वेगळे शुल्क न घेता मापन पुन्हा केले. या वेळी दुप्पट वारंवारतेजवळची दुय्यम रेषाही स्पष्ट उमटली आणि इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीच्या बळाचा अंदाज दोन्ही रेषांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून बांधता येत असल्याने, आमचे खरे काम तिच्यामुळेच झाले. अहवालात लेसरची तरंगलांबी दिली आहे, तीव्रता दिलेली नाही. ती आवर्जून मागून घ्यावी.