बाटलीबंद मोहरी व्हिनेग्रेट: महिनाभराच्या वापरानंतर

पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘डिजॉन मस्टर्ड’ (फ्रेंच पद्धतीची वाटलेली मोहरी) असे छापलेली तयार व्हिनेग्रेटची, म्हणजे सॅलडवर घालायच्या तेल-व्हिनेगरच्या मिश्रणाची, २५० मिलिलिटरची बाटली महिनाभर वापरून पाहिली. कंपनीचे नाव मुद्दामच घेत नाही. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हे ध्यानात ठेवून मागची यादी वाचली, तर आधी पाणी, मग सोयाबीन तेल, मग साखर, आणि मोहरीचा क्रमांक मिठाच्याही मागे. जिभेवरही प्रथम गोडवाच येतो. लोणच्यासाठी फेसलेल्या मोहरीचा झणका ज्याच्या नाकात एकदा गेला आहे, त्याला ही मोहरी नावापुरतीच वाटेल.

मूळ फ्रेंच व्हिनेग्रेटमध्ये साधारण तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर असते. त्यात मोहरी घालतात ती केवळ तिखटपणासाठी नव्हे, तर तिच्या सालीतला चिकट अंश तेलाचे बारीक थेंब व्हिनेगरमध्ये धरून ठेवतो आणि मिश्रण पानांना नीट लपेटते म्हणूनही. या बाटलीत ते काम झँथन गम या दाटपणा आणणाऱ्या पदार्थाकडे दिलेले आहे, त्यामुळे काकडीच्या चकत्यांवर बुळबुळीत थर बसतो.

बाटलीवरचा ‘लो फॅट’ हा दावा मात्र खोटा म्हणता येणार नाही. घरच्या व्हिनेग्रेटच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ८० कॅलरी असतात, त्याही जवळजवळ सगळ्या तेलाच्या, आणि इथे तेलाची जागा पाण्याने घेतल्यामुळे हा आकडा बराच खाली येतो. तरीही गाजर आणि पालकातले कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश हवाच, तेव्हा कोशिंबिरीतले तेल कमी करून तिथे साखर वाढवण्यात मला फायदा दिसत नाही.

बाटली उपयोगी पडली ती बटाट्यांसाठी. फ्रान्समध्ये बटाट्याच्या सॅलडला व्हिनेग्रेट लावतात ते बटाटे गरम असतानाच, कारण गरम फोडी रस शोषून घेतात. तसेच केले, वर बारीक चिरलेला कांदा घातला, तेव्हा तो नको असलेला गोडवा बटाट्याच्या पिठूळपणात बेमालूम मिसळून गेला. उकडलेल्या फरसबीवरही बरे लागले, लेट्यूसवर अजिबात नाही.

तीन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा डिजॉन मोहरी आणि चिमूटभर मीठ झाकणाच्या बरणीत घालून हलवायला मिनिटभरही लागत नाही. उरलेली बाटली बटाट्यांवर संपवीन, दुसरी आणणार नाही.