स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन – पुतळ्याची आस धरणारा खलनायक

विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिकांतील खलनायक बहुधा परग्रहावरून येतो, पृथ्वी काबीज करण्याची भाषा करतो आणि शेवटी नायकाच्या हातून नष्ट होतो. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या अमेरिकी मालिकेचा संपूर्ण डीव्हीडी संच मी अलीकडेच पाहून पूर्ण केला. खलपात्रे इतक्या गांभीर्याने आणि सलग अनेक वर्षे घडवत नेलेली दुसरी विज्ञानमालिका माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या पात्रांविषयीच आहे.

जानेवारी 1993 ते जून 1999 या काळात या मालिकेची 7 पर्वे आणि 176 भाग प्रसारित झाले. 1980च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांना पाहिलेल्या आपल्या पिढीला यातला मूलभूत फरक लगेच जाणवेल. कर्कचे यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जात असे आणि तिथला शत्रू तिथेच मागे राहत असे. येथे मात्र कथा एका अंतराळस्थानकावर घडते. स्थानक जागचे हलत नाही, त्यामुळे आज दुखावलेला माणूस उद्याही समोर येतो, आणि ज्याने अत्याचार केला त्याच्याशी पुढच्या भागात वाटाघाटीला बसावे लागते.

हे स्थानक कार्डेशियन सत्ताधाऱ्यांनी बजोर या ग्रहावरच्या लोकांना वेठीला धरून बांधून घेतलेले आहे. कार्डेशियनांनी बजोरवर सुमारे 50 वर्षे राज्य केले, खाणी उपसल्या, छावण्या उभारल्या आणि प्रतिकार असह्य झाल्यावर ते निघून गेले. मालिका सुरू होते ती त्यानंतर. बजोरवरचा शेवटचा कार्डेशियन प्रशासक गुल दुकात हा या मालिकेचा प्रमुख खलनायक. मार्क अलेमो या नटाने ही भूमिका विलक्षण संयमाने केली आहे. आवाज चढत नाही, मान किंचित तिरकी, ओठांवर यजमानाचे हसू, आणि समोरच्याशी बोलताना जणू आपण त्याचे जुने हितचिंतक आहोत असा सूर. दुकातला जिंकायचे असते, परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. ज्यांना आपण गुलाम केले त्यांनी आपले आभार मानावेत, ही त्याची खरी भूक आहे.

सहाव्या पर्वातील 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स' या भागात ही भूक स्पष्ट दिसते. तोवर कार्डेशियन डोमिनियन या दूरच्या साम्राज्याला मिळून युद्धात उतरलेले असतात. युद्धाचे पारडे आपल्याकडे झुकले आहे अशा समजुतीत दुकात डोमिनियनचा प्रतिनिधी असलेला आपला सहकारी वेयून याच्यापाशी मन मोकळे करतो: आपण बजोरी लोकांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले, तरीही आजवर त्या ग्रहावर आपला एकही पुतळा उभा राहिलेला नाही. यात ढोंग नाही. त्याला मनापासून वाईट वाटते आहे, आणि म्हणूनच हा प्रसंग इतका भेदक झाला आहे.

सोलापूरकराला हा प्रसंग पाहताना आपले शहर आठवल्याशिवाय राहणार नाही. मे 1930 मध्ये येथे मार्शल लॉ पुकारला गेला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आपल्या चौकात पुतळे आहेत ते या चौघांचे. शहराला शिस्त लावणे हे आपले कर्तव्यच होते, असे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना प्रामाणिकपणे वाटत असणार. दुकातची बोली त्यांच्याच जातकुळीची आहे, म्हणून तो परग्रहावरचा वाटत नाही.

त्याच पर्वातील 'वॉल्ट्झ' हा भाग जवळजवळ दोनच माणसांचा आहे. स्थानकाचा प्रमुख असलेला जखमी कॅप्टन सिस्को आणि मानसिक तोल ढळलेला दुकात एका निर्जन ग्रहावरच्या गुहेत अडकतात. दुकातला भास होत असतात, आणि त्या भासांतली माणसे त्याला हवे ते व नको ते दोन्ही ऐकवतात. आपण कसे दयाळू होतो हे तो सिस्कोला पटवू पाहतो आणि सिस्को त्याला बोलू देतो. बोलता बोलता दयेचा थर गळून पडतो व आतला द्वेष बाहेर येतो: सगळ्या बजोरींना मारून टाकायला हवे होते, असे तो स्वतःच्या तोंडाने म्हणतो. दुकातविषयी सहानुभूती वाटू लागलेल्या प्रेक्षकाला लेखकांनी येथे कोणतीही पळवाट ठेवलेली नाही.

तरीही या संचातला एकच भाग निवडायचा झाला तर मी पहिल्या पर्वातील 'ड्युएट' निवडेन. गॅलिटेप या छावणीशी संबंध असलेला एक कार्डेशियन स्थानकावर सापडतो, आणि तो छावणीचा क्रूर प्रमुख आहे असा संशय बळावतो. प्रतिकार चळवळीतून आलेली मेजर किरा त्याची चौकशी करते. तो कबूल करतो, फुशारकी मारतो, किराला चिडवतो. पुढे कळते की तो मारिट्झा नावाचा साधा कारकून आहे. रात्री छावणीतल्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून तो कान झाकून घेत असे. प्रमुख कधीच मेलेला असल्यामुळे त्याने शस्त्रक्रियेने त्याचा चेहरा घेतला आहे, कारण खटला चालला तर निदान आपल्या समाजाला अपराध कबूल करावा लागेल, अशी त्याची आशा आहे. एका कोठडीत, मुख्यतः दोन नटांच्या बळावर चाललेला हा भाग खर्च वाचवण्यासाठी तसा रचला गेला होता. हॅरिस युलिन आणि नाना व्हिजिटर यांच्या अभिनयामुळे ती काटकसर कुठेही जाणवत नाही.

लुईस फ्लेचर यांनी साकारलेली बजोरी धर्मगुरू विन हेही मोठे काम आहे. 'लेकरा' म्हणत गोड बोलून ती सत्तेची प्रत्येक पायरी चढते. परंतु तिनेही कार्डेशियन छावणीत 5 वर्षे मार खाल्लेला आहे, आणि शस्त्र घेऊन लढणाऱ्यांनाच मान मिळतो ही तिची तक्रार अगदीच खोटी नाही. जेफ्री कोम्ब्स यांचा वेयूनही सुरेख. त्याचे स्वामी, म्हणजे डोमिनियनचे रूप पालटणारे संस्थापक, मात्र मला दूरचेच वाटत राहिले.

सातव्या पर्वाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. दुकातला दुष्ट आत्म्यांचा वाहक करून, डोळे लाल करून अग्निगुहेत नेणे हा त्या पात्रावर अन्याय आहे. ज्याचा दुष्टपणा पूर्णपणे मानवी होता, त्याला भुताखेतांचा आधार देण्याची काहीच गरज नव्हती.

आता संचाविषयी. मालिका 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली असली तरी तिचे संकलन आणि दृश्यपरिणाम त्या काळच्या व्हिडिओ टेपवर झाले. संपूर्ण मालिका नव्याने स्वच्छ करून ब्लू-रेवर आलेली नाही, त्यामुळे मोठ्या पडद्यावर चित्र मऊ दिसते आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. खरेदी करताना प्रदेश-संकेत, म्हणजे डीव्हीडी कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा आकडा, अवश्य तपासावा. भारताचा संकेत 5, अमेरिकेचा 1 आणि ब्रिटनचा 2 आहे. माझ्या विक्रेत्याने तो नोंदवलाच नव्हता, आणि सर्व प्रदेश चालणारा प्लेअर मिळेपर्यंत संच पडून राहिला. मराठी वा हिंदी उपशीर्षके नाहीत, म्हणून इंग्रजी उपशीर्षके लावूनच पाहावे, कारण दुकात आणि विन यांच्या तोंडी असलेले दुहेरी बोलणे नुसते ऐकून निसटते. छळ आणि छावण्यांचे विषय लक्षात घेता लहान मुलांसोबत बसून पाहण्याची ही मालिका नव्हे. संपूर्ण संचाची किंमत जड वाटत असेल, तर आधी फक्त पहिले पर्व घ्यावे, त्यातले सुरुवातीचे काही संथ भाग धीराने पाहावेत आणि 'ड्युएट' पाहून झाल्यावर पुढचा निर्णय करावा.