रेडीमेड गेट की सुताराचं अर्धं दार?

रांगतं पोर स्वयंपाकघरात घुसू नये यासाठी आमच्याकडे दोन उपाय झाले. जळगावच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौकटीत स्क्रू आवळून दाबून बसवायचं गेट, आणि गावच्या घरी सुताराकडून करून घेतलेलं कमरेइतकं अर्धं दार. सरळ पूर्ण दारच लोटून घ्या, असं मे महिन्यात खान्देशात तरी कोणी सांगू नये. पारा ४५ कडे सरकलेला असताना बंद खोलीत भाकऱ्या थापायला लावणं हा वेगळाच अपघात.

गेटचं कौतुक आधी करतो. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, म्हणजे घरमालकाची कटकट नाही. अर्ध्या तासात बसतं, घर बदललं की सोबत येतं. सळ्या उभ्या असतात, त्यामुळे पोराला पाय ठेवून चढता येत नाही. फ्लॅटमध्ये आमची त्याच्याबद्दल फारशी तक्रार नव्हती.

तेच गेट गावी नेलं आणि खटका तिथे उडाला. या गेटच्या तळाशी एक आडवी पट्टी असते. गेट उघडलं तरी ती पायात राहतेच, कारण सगळा डोलारा तिच्यावरच ताणलेला असतो. गावच्या घराला उंबरा, आणि उंबऱ्यावर ही पट्टी. आमच्या घरात रिकाम्या हाताने त्या दारातून जातं कोण? उन्हाळ्यात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शिजवलेल्या घाट्याचं पातेलं पहाटे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, न्यायचं असतं. हिवाळ्यात अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी घमेल्यात भरून आत यायची असतात. हातात जड भांडं असलं की पायाखालचं दिसत नाही. आई एकदा अडखळली, घाटा हिंदकळला, आणि पोर मागेच उभं होतं. भाजलं कोणालाच नाही. पण त्यानंतर आई गेट उघडून भिंतीला लावूनच ठेवायची. मग गेट असून उपयोग काय?

अर्ध्या दाराला खाली काहीच नसतं. चौकटीला बिजागऱ्या, आतून कडी. मोठं माणूस वरून हात घालून कडी काढतं आणि मोकळ्या पायाने जातं. जिथे तयार गेटला जोडपट्ट्या लावाव्या लागतात, त्या जुन्या रुंद चौकटीतही ते मापाने बसतं. तोटेही आहेत. सुतार ‘उद्या’ म्हणतो ते कुठलं उद्या हे त्यालाच ठाऊक, आणि चौकटीला स्क्रूची भोकं कायमची राहतात.

दार करून घ्यायचं ठरलं तर भरीव फळी घालू देऊ नका. उभ्या पट्ट्याच घ्यायच्या, त्यांच्यातली फट सहा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे डोकं अडकत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. भरीव दाराने तो कोंडून राहील. कडी असेल तेवढ्या भागात मात्र आतून छोटी फळी ठोकून घ्या, नाहीतर पट्ट्यांतून हात घालून पोर ती काढायला शिकतं.

ओट्याखालच्या कप्प्यांची कुलपं, पातेल्याचे दांडे आत वळवणं, रात्री रेग्युलेटर बंद करणं हे दोन्हीकडे करायचंच आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही.

फ्लॅट भाड्याचा असेल आणि दाराला उंबरा नसेल तर गेट घ्यायला हरकत नाही. फक्त तेच गेट धाब्यावरच्या जिन्याच्या वरच्या टोकाला लावू नका. दाबून बसवलेलं गेट ढकलल्यावर निसटू शकतं, आणि तिथेही तळाची पट्टी आहेच. घर स्वतःचं असेल, त्यातून उंबरा असेल, तर मी सुतारालाच बोलावेन. पोर दोन वर्षांचं होऊन चढायला लागलं की दोन्हींचं काम संपतं. तोवर सुताराला आजच फोन केलेला बरा, कारण लग्नसराई लागली की तो पलंग-कपाटांतून वर मान काढत नाही.